डाय पार्टीची

मोठ्या कंपनीने ट्रॉफी दिली की समजायचं, आता ती काहीतरी मागणार. हे मला भोसरीने शिकवलं. तिथे माझं प्रेस-शॉप होतं. गाड्यांचे पत्र्याचे लहानसहान पार्ट आम्ही मारून द्यायचो. वर्षातून एकदा कंपनी सगळ्या व्हेंडरांना हॉटेलात बोलवायची. पनीर, गुलाबजाम, स्टेज, फुगे. एकेकाला वर बोलावून हातात काचेचा तुकडा द्यायचे आणि माइकवर सांगायचे, “हे आमचे व्हेंडर नाहीत, हे आमचे पार्टनर आहेत.” टाळ्या. त्याच आठवड्यात परचेसच्या साहेबाचा फोन यायचा: पार्टनर, रेट जरा खाली आणायला लागेल. तसल्या काचा माझ्याकडे बऱ्याच साठल्या होत्या. एक मी वाऱ्याने शेडचं दार आपटू नये म्हणून खाली सरकवून ठेवली होती. तेवढीच कामाला आली.

त्यामुळे गेल्या वर्षी वाकडच्या एका हॉटेलात आमच्या पब्लिशरच्या माणसाने “बेस्ट पार्टनर स्टुडिओ” म्हणत माझ्या हातात काच ठेवली, तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि माझं डोकं तापायला लागलं होतं.

पब्लिशर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते अजून कळलेलं नाही. त्याला वाटतं मी पुस्तकं छापतो. आम्ही मोबाइलवरचे गेम बनवतो, निगडी प्राधिकरणात एका बंगल्याच्या तळमजल्यावर. बनवलेला गेम बाजारात नेण्याचं काम पब्लिशरचं: जाहिरात, लोकांच्या मोबाइलवर गेम पुढे दिसेल अशी जागा मिळवणं, परदेशात पोचवणं, पैसे गोळा करणं. आमचा पब्लिशर फार मोठा आहे. त्याची ऑफिसं ज्या देशांत आहेत त्यातले अर्धे मला नकाशावर दाखवता येणार नाहीत.

मी मूळचा बीडकडचा. पिंपरीत आलो तो प्रेसवर हेल्पर म्हणून. पुढे स्वतःचं शेड टाकलं. आमच्या धंद्यात बोटं जातात. मशीन खाली येतं आणि हात वेळेवर मागे येत नाही. एका पार्टीने, म्हणजे आम्ही जिचं काम करायचो त्या कंपनीने, हुकूम सोडला की कामगारांना सेफ्टीचं ट्रेनिंग द्या, नाहीतर काम बंद. तेव्हा हिंजवडीची नोकरी सोडलेल्या एक लातूरच्या बाई लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आल्या. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला दादा. त्यांनी ट्रेनिंगचा चक्क गेम केला: प्रेस खाली येते, तुम्ही हात वाचवायचा. लेक्चरला झोपणारी माणसं त्यासाठी जेवणाच्या सुट्टीत रांग लावायला लागली. वडापावच्या पैजा लागायला लागल्या. मी लांब उभा राहून बघत होतो. मला धंद्याचा वास लगेच येतो.

पुढे त्या पार्टीने माझं काम चाकणच्या दुसऱ्या व्हेंडरला दिलं. हे मला कुणी फोन करून सांगितलं नाही. एक दिवस गेट पास घेऊन टेम्पो आला, डाय उचलायला. डाय म्हणजे साचा. तो पार्टीचाच असतो. बनवायचा खर्च ती देते, वर तिचा रंग असतो. निळी डाय एकाची, पिवळी दुसऱ्याची. आपल्या शेडमध्ये ती वर्षानुवर्षं असते, आपण तिला तेल लावतो, धार लावतो, आजारी पोरासारखी जपतो, पण ती आपली नसते. यावरून आमच्याकडे कुणी भांडत नाही. टेम्पो आला की डाय चढवून द्यायची आणि ड्रायव्हरला चहा पाजायचा. मी चहा पाजला. मग प्रेस विकल्या आणि ताईंना म्हणालो, चला, आता गेमच काढू.

आम्ही बैलगाडा शर्यतीचा गेम काढला. खेड, चाकण, मावळ उशाला असताना दुसरा कसला काढणार? नाव ठेवलं ‘बारी’. घाटात एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. ताई कितीतरी महिने गोठ्यांत जाऊन बसल्या. बैल पळताना खांद्याचं काय होतं, शेपूट कुठे जाते, हे त्यांनी इतकं काढलं की घरी त्यांच्या अंगाला शेणाचा वास येतो म्हणून सासूने तक्रार केली.

आवाज हवा होता. घाटात माइकवर बारी सांगणारा एक गडी मी बरीच वर्षं ऐकत होतो. चाकणच्या पुढच्या गावचा. आठवडाभर कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो, रविवारी जत्रेत माइक धरतो. त्याला निगडीला आणलं. आम्ही एका खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या होत्या, मध्ये खुर्ची ठेवली होती.

“खुर्ची कुनासाटी?” तो म्हणाला. “पावनं बघायला येनार हायत का?”

“बसून बोला, निवांत.”

“बसून बारी सांगत्यात व्हय, शेठ? आन बैल कुटं हायत?”

शेवटी त्याच्यासमोर मोबाइलवर शर्यतीचा व्हिडिओ लावला आणि तो उभा राहून सुटला. “झाली, झाली, झाली... भिर्रर्रर्र!” वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड घरमालक चप्पल न घालता खाली आले आणि विचारायला लागले, कुणाला मारताय का?

गेम चालला तो त्या आवाजावर. लोक मित्राची गाडी सिग्नलला अडकली की तो आवाज लावून पाठवायचे. लग्नात नवरा बोहल्यावर चढताना लावायचे. दुबईला क्रेन चालवणाऱ्या आपल्या पोरांनी तो तिथे नेला. ताईंना अजूनही वाटतं की गेम त्यांच्या बैलांवर चालला. मी वाद घालत नाही.

आता करारावर येतो, म्हणजे माझ्या दुखण्यावर. पब्लिशर आला तेव्हा गेम पूर्ण होत आला होता. मी जन्मभर घासाघीस करत आलेला माणूस. स्वतःच्या वरातीत घोड्यावरून वाकून बँडवाल्याशी भाव केला होता. मी त्यांच्या वकिलांना घाम फोडला. आमचा वाटा वाढवून घेतला, पुढच्या भागांतलाही, आमचं नाव ठळक घ्यायला लावलं, मुदतीवर भांडलो. मग ते कलम आलं: गेममधली नावं, चित्रं, आवाज, कोड, सगळं पब्लिशरच्या मालकीचं.

“दादा, इथे थांबा,” ताई म्हणाल्या. “हे नीट वाचा.”

मी वाचलं होतं. “ताई, डाय पार्टीचीच असते,” मी म्हणालो आणि पान उलटलं. समोरचा साहेब लॉटरी लागल्यासारखा हसला. मला वाटलं, सौदा झाल्याचा आनंद आहे.

पुण्यातल्या कॉलेजातून शिकून आलेल्या कुठल्याही पोराने ही चूक केली नसती. ती करायला भोसरीत उमेदीची वर्षं घालवावी लागतात. अहो, डाय पार्टीची असते कारण तिचा खर्च पार्टी देते! ‘बारी’चा खर्च माझ्या विकलेल्या प्रेसमधून झाला होता. पब्लिशरने तिच्यात एक खिळा घातला नव्हता. घासाघीस करायची सवय असलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते: जिथे रिवाज आहे तिथे तो भांडतच नाही. त्या साहेबाला माझा रिवाज माहीत नव्हता. त्याला आयतं मिळालं.

तर वाकड. ट्रॉफी झाली, जेवण झालं. साहेबाने मला आणि ताईंना बाजूच्या खोलीत नेलं. साहेब आपलाच, मराठी, गोड बोलणारा, माझ्या निम्म्या वयाचा.

“सर, पार्ट टू आपण खूप मोठा करतोय.”

“आपण म्हणजे कोण?”

“म्हणजे आमचा मेन स्टुडिओ. तुमची टीम सपोर्टला. स्टेबल काम, सर. टेन्शनच नाही. टेस्टिंग, बग काढणं, थोडा लोकल फ्लेवर...”

“लोकल फ्लेवर,” मी म्हणालो. “म्हणजे मी आता कोथिंबीर.”

ताईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

“सर, तसं नाही. आणि एक छोटी गोष्ट. ते कॉमेंटरीवाले काका आहेत ना, त्यांच्या रेकॉर्डिंगवरून आम्ही व्हॉइस मॉडेल बनवतोय, म्हणजे मशीनच त्यांच्या आवाजात बोलेल. मग परत परत बोलवायला नको. तमिळ, तेलुगू, हिंदी, सगळीकडे तेच ओरडतील. इतर गेममध्येही वापरता येतील.”

“त्यांना विचारलं?”

“विचारायची गरज नाही ना, सर. ॲसेट आपलाच आहे.”

“आपला?”

“म्हणजे... आमचा.”

मी काच टेबलावर ठेवली. जोरात ठेवली. ताई म्हणतात आपटली.

परत येताना गाडीत आमचं जुंपलं. प्रश्न साधा होता: या पब्लिशरकडे राहायचं की सोडायचं. राहिलो तर पुढची काही वर्षं सगळ्यांचे पगार नक्की, पण आपल्याच गेमवर मजुरी. सोडलं तर ‘बारी’ त्यांच्याकडे राहणार, नाव, बैल, घाट सगळं, आणि आम्ही हातात गेम नसताना बाहेर.

“सोडायचं,” मी म्हणालो.

“राहायचं,” ताई म्हणाल्या.

“त्याने तुमच्या तोंडावर सांगितलं की तुम्ही आता टेस्टिंग करा. तुम्ही! ज्यांनी एकेक शेपूट काढली!”

“म्हणून तर राहायचं. मी तिथे असले तर निदान बैलांचे पाय वाकडे पडणार नाहीत. सोडलं तर मला ते बघायलाही मिळणार नाही.”

“दुसऱ्याच्या शेडमध्ये जाऊन आपल्याच डायला तेल लावणार?”

“लावीन. दादा, तुमचा राग हा काही धंदा नाही. ऑफिसातल्या सगळ्यांचे घराचे हप्ते आहेत. तुमच्याकडे प्रेस विकलेले पैसे होते. त्यांच्याकडे विकायला काय आहे?”

“आणि त्या माणसाचा आवाज? तो देऊन टाकायचा?”

“तो तुम्हीच दिला. मी थांबवत होते. आता काय करायलात? अहो, सिग्नल लाल आहे!”

मी ब्रेक मारला. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या घराण्याचा उद्धार केला. मी काच खाली करून त्याचा केला. ताई खिडकीबाहेर बघत बसल्या. चिडल्या की त्यांचं लातूर बाहेर येतं आणि मग त्या गप्प होतात. मला त्याची भीती वाटते. निगडीला उतरताना एवढंच म्हणाल्या, “सोडायचंच असेल तर आधी पोरांना दुसरं काम दाखवा. मग काय ते तोंड चालवा.”

हे मला पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला. सगळा पावसाळा मी चाकणच्या कंपन्यांचे गेट धरून बसलो. ज्या सेफ्टीच्या गेमवरून आमचं सगळं सुरू झालं होतं, तसलीच कामं मागत फिरलो. ज्यांनी कधीकाळी माझे रेट कापले होते त्याच केबिनींत जाऊन हसलो. एका परचेसवाल्याने विचारलं, “काय शेठ, व्हिडिओ गेम बुडाला का?” मी म्हणालो, “नाही साहेब, तुमच्या कामगारांची बोटं मोजायला आलोय.” काम त्याने दिलं, तेवढं बोलणं खपतं आमच्यात. मोठं नाही, पण पगार निघतील एवढं काम जमलं. ऑफिसात सगळ्यांना बसवून विचारलं. दोघेजण म्हणाले, आम्ही पब्लिशरच्या मोठ्या स्टुडिओत जातो. जा म्हटलं. चांगलं म्हटलं नाही. बाकीचे राहिले. ताई म्हणाल्या, “ठीक आहे, सोडू.” त्यानंतर त्यांनी भिंतीवरचं बैलांचं मोठं चित्र स्वतः उतरवलं. कुणाला हात लावू दिला नाही.

मग शेवटची बैठक. साहेब, आणि पडद्यावर त्यांच्या वकील बाई. मी सांगितलं, आम्ही निघतो. गेम तुमचा, मान्य. तुमचा टेम्पो पाठवा, मी चढवून देतो.

“टेम्पो?” वकील बाई म्हणाल्या.

“ते सरांचं एक्सप्रेशन आहे,” साहेब म्हणाला.

“पण तो आवाज मिळणार नाही,” मी म्हणालो.

“सर, आवाज कलमात आहे.”

“डाय कलमात आहे. माझ्या शेडमधून डाय खूप गेल्या. पण डायबरोबर प्रेसवरचा माणूस टेम्पोत घालून नेलेला मी एकही बघितला नाही. त्याने जे ओरडून झालंय ते पहिल्या भागात ठेवा. उद्या जे ओरडेल ते तुमचं कसं?”

“तो उद्या ओरडणारच नाहीये, सर. मॉडेल ओरडेल.”

“तेच म्हणतोय मी! माणूस इथे आणि त्याचं ओरडणं तुमच्या पगारावर?”

वकील बाईंनी कायदा सांगायला सुरुवात केली. कायद्यात मी हरणार हे मला माहीत होतं, म्हणून मी धंद्यावर आलो. म्हणालो, दुसऱ्या भागातला आमचा वाटा सोडतो. वर तुमच्या स्टुडिओला सगळं काम समजावून देतो. बैलाच्या पळण्यात कुठला आकडा किती फिरवायचा हे ताईंच्या डोक्यात आहे, तुमच्या फायलींत नाही. बदल्यात आवाज कलमातून काढा. पहिल्या भागात राहू दे, बाकी कुठेही नाही, मशीनला शिकवायला तर अजिबात नाही.

साहेबाने पडद्याकडे बघितलं. पडद्याने मान हलवली. “ओके, सर.”

इतक्या पटकन ओके! समोरचा लगेच हो म्हणाला की समजायचं, आपण जास्त दिलं. अर्धा वाटा सोडला असता तरी झालं असतं. अजून ते आठवलं की मी जेवता जेवता ताट सरकवतो. घरचे विचारत नाहीत आता.

पण आवाज सोडवला होता. तेवढ्या आनंदात मी चाकणला गेलो. पहिली शिफ्ट सुटत होती. कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर आमचा माइकवाला गडी भेटला. मी सगळं सांगितलं: वाकडची काच, मशीन, वकील बाई, सोडलेला वाटा. जरा रंगवूनच सांगितलं.

तो ऐकून म्हणाला, “मंजी दुसऱ्या भागात मी न्हाई?”

“नाही.”

“दुबईची पोरं खेळत्याल, तवा दुसराच कुनीतरी वरडनार?”

“हो. पण तुमचा आवाज वाचला ना!”

“मला इचारलं न्हाई तुमी, शेठ.”

माझा पारा चढला. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. “तुमच्यासाठी वाटा सोडला मी! सोन्यासारखा गेम गेला! आणि तुम्ही मला विचारता, विचारलं का?”

“त्यांनीबी न्हाई इचारलं, तुमीबी न्हाई. यवडंच म्हनतोय.” त्याने ग्लास खाली ठेवला. “मग आता माजा आवाज कुनाकडं हाय?”

“माझ्याकडे.”

“तुमच्याकडं कसा काय?”

मनात मी नव्या गेमचा सगळा बेत केला होता आणि त्यात हा आवाज धरूनच चाललो होतो, पुढच्या सगळ्या गेममध्ये. तसं मी सरळ सांगितलं.

“नवा काडा की,” तो म्हणाला. “बोलवा, येतो. एका गेमाचं एकदा. दुसरा काडला की परत इचारायचं. आन मशिनीला शिकवायचं न्हाई, त्यांनीबी न्हाई, तुमीबी न्हाई.”

“दर वेळी विचारत बसू? उद्या तुम्ही नाही म्हणालात तर मी काय करायचं?”

“तवा मी न्हाई म्हनंन.”

मी घासाघीस सुरू केली. तीन गेमचं एकदम करू. नाही. दोन तरी. नाही. तुमचं नाव गेमच्या आधी मोठं लावतो. लावा, पण एकाचंच. जत्रेच्या हंगामात तुम्हाला बोलवणार नाही, रेकॉर्डिंगला गाडी पाठवतो, उभं राहायला चांगली जागा करतो. ते तर करायलाच पायजे, म्हणाला. मी पब्लिशरच्या वकिलांना रडवलं होतं आणि इथे एक फोर्कलिफ्टवाला माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता आणि जागचा हलत नव्हता.

मग मी शेवटचा डाव टाकला. उठलो. “जाऊ दे भाऊ, जमत नाही आपलं,” म्हणालो आणि निघालो. हा डाव कधी वाया जात नाही. पाठ फिरवली की समोरचा हाक मारतोच. जुन्या बाजारात मारतो, बँकेत मारतो, परचेसच्या केबिनीत मारतो. मी सावकाश चालत गाडीपर्यंत गेलो. दार उघडलं. बसलो. किल्ली फिरवली. इंजिन चालू करून आरशात बघत राहिलो. गेटमधून शिफ्टची माणसं बाहेर पडत होती, कंपनीच्या बस लागत होत्या. तो टपरीवाल्याशी काहीतरी बोलत होता. माझ्याकडे पाठ होती.

मी स्टिअरिंगवर दोन बुक्क्या मारल्या. हॉर्न वाजला. तरी त्याने वळून बघितलं नाही.

इंजिन बंद करून परत गेलो. फळीवर दोन ताजे चहा होते आणि टपरीवाला त्यांचे पैसे माझ्याकडे मागत होता.

“एका गेमाचं एकदा,” मी म्हणालो.

“व्हय,” तो म्हणाला. “बसा. गार व्हतोय.”